बोट लावलं की निळी बत्ती

— जाहिद? जाहिद नाई इथी, बाई. कवाचाच गेला हैदराबादले. तिथी मोठ्यामोठ्या बिल्डिंगींत कॅमेरे लावते, शिडीवर चढून. मी त्याचा मोठा भाऊ, जाफर. दुकान माहंच आहे, पाटीवर नाव त्याचं राह्यलं, पुसाले वेळ नाई भेटला — वेळ नाई भेटला का मन नाई झालं, ते सोडा. बसा. त्या स्टुलावर नोका बसू, त्याचा एक पाय कच्चा आहे, इकडं खुर्चीवर बसा. पानी घ्या. चामोर्शीच्या स्टँडवरून पायीच आल्या का एवढ्या उन्हात? बोला, का पाह्यजे? टीव्हीचा रिमोट? मोबाईलचं चार्जर? — का? — 'तसाच बोर्ड'? तसाच म्हणजे कसा, बाई? माह्या दुकानात सतरा प्रकारचे बोर्ड आहेत, टीव्हीचे आहेत, मिक्सरचे आहेत — निळी बत्ती लागते तो?

अच्छा.

म्हणजे तुमी तळ्याच्या गावच्या. मासेमारी सोसायटीच्या. मंग असं सांगा ना पहिले. मी तं उगाच पानी देऊन बसलो — नाई नाई, प्या, पान्याचं का आहे, पानी कोनालेही देते मानूस. सुरेंद्रभाऊनं पाठवलं का? तुमचा सेक्रेटरी? स्वतः याले तोंड नाई म्हून बाईमानसाले पुढं केलं? — नाई? तुमी तुमच्या मनानं आल्या? बरं, तसं तं तसं. मले का करायचं आहे. गिऱ्हाईक आलं, माल दाखवाचा, हे माहं काम. ऐका, मधात नोका बोलू, मधात बोललं का माहा धागा तुटते, मंग दोन वेळा तेच सांगतो मी. घरचे बी हेच म्हणतात.

आहे. एक आहे असा बोर्ड. जाहिदनं सगळं सामान नेलं, हा एकच ठेवून गेला. विसरला का मुद्दाम ठेवला, त्यानं नाई सांगतलं, मी नाई इचारलं. हा पहा. हातात घ्या, चावत नाई. बिस्किटाएवढा आहे, आन लोक याले पाहून हसतात — म्हणतात, जाफरभाई, याच्यात आहे का? मी म्हणतो, तुमच्या सेक्रेटरीच्या डोक्यात आहे त्याच्याहून जास्त आहे. हे दोन्ही बाजूनं पाय दिसून राह्यले ना, गोमेसारखे? याले पिन म्हणतात. एका पिनाले थर्मामीटरची तार लावा, ती पान्यात सोडा, हा पानी किती तापलं ते वाचते. दुसऱ्या पिनाले रिले लावा, म्हणजे बटनच समजा, हा मोटर चालू करते, बंद करते. हा मधातला पत्र्याचा डबा, याच्या खाली याचं डोकं. डोकं बी एक नाई, दोन आहेत. जाहिद म्हणे, भाईजान, एक डोकं हवेतून मोबाईलसंगं बोलते अन् दुसरं मुकाट काम करते. मी म्हटलं, मंग हा आपल्या घरासारखाच झाला — मी बोलतो अन् तू काम करते. लय हसला होता.

ही टोकावरची वाकडीतिकडी रेघ पाह्यली? जशी गांडुळानं चिखलात काढली तशी? हा याचा अँटेना. वायफाय, ब्लूटूथ, सगळं याच्यातूनच जाते. आन हे दोन बटनं. एक दाबलं का हा झोपेतून उठल्यासारखा पयल्यापासून सुरू होते. दुसरं दाबून धरलं का नवा प्रोग्राम शिकते. आन एकदा शिकलेलं विसरत नाई, लाईट गेली तरी, महिनाभर पेटीत पडून राह्यला तरी. करंट आला का तिथूनच कामाले लागते. मानूस असा पाह्यजे होता. मानूस लाईट असतानाच विसरते — काल तुमच्या तळ्यावर कोन मोफत राबत होता, ते आज विसरते. सरपंचानं ज्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, त्याच पोराले — जाऊ द्या.

नाई, जाऊ द्या म्हणतो अन् जात नाई. तुमाले माहीत असन सगळं, तुमच्याच गावातलं आहे, तरी सांगतो. तुमच्या सोसायटीनं मोठ्या तळ्याच्या बाजूले बोटुकलीसाठी लहान तळं खोदलं. रोहू, कतलाचे पिल्लं, बोटाएवढे. पहाटच्या वक्ती पान्यातली हवा सरते, पिल्लं वर येऊन तोंड वासतात. तवा तुमचा राखणदार डोमा तळ्यावरच झोपे अन् पहाटं उठून बांबूनं पानी बदबद झोडपे, त्यानं पान्यात हवा मिसळे. डोमाचे गुडघे गेले. मंग सोसायटीनं हवा मारायची चक्री आणली, पर ती सुरू कोन करन? अन् लाईट मधात जाऊन आली तं परत कोन सुरू करन? तिथी माहा भाऊ घुसला. कोनी बोलावलं नोतं त्याले. मासे घ्याले गेला होता, तळं पाहून आला अन् रातभर — नाई, रातभर कायचा, पर ताटावर बसला तरी तेच. भाईजान, पानी जास्त तापलं असन तं चक्री लवकर सुरू करायची, ढग असन तं जास्त वेळ फिरवायची. मी म्हटलं, तुले का भेटन याच्यातून? म्हणे, मासे. अब्बा गेले तवा एवढासा होता तो, मीच वाढवला, पर हे वेड कोनाकडून आलं ते मले नाई माहीत. इथी लोक बोर्ड मागाले येतात तं कायच्यासाठी? परवा गोंडपिपरीकडचा एकजन आला, डुकरं शेतात याले नाई पाह्यजे म्हून तारेत करंट सोडायचा आहे, टायमर बनवून द्या म्हणे. हाकलून देलं त्याले. मानूस मरते त्या तारेनं. अन् हा पोट्टा बोर्ड लावाले गेला तं माशाच्या पिल्लांले श्वास घ्यायले भेटावा म्हून.

थांबा, इकडं कम्प्युटरले लावतो. त्याचा प्रोग्राम आहे माह्याजवळ, तुमच्या तळ्याचाच. बटन धरतो — हां, चढून राह्यला. वेळ लागते जरा. आता एक गंमत दाखवतो, ही तुमाले कोनी दुकानदार नाई दाखवणार. याचे काही पिन असे आहेत का त्याले उघडं बोट लावलं तं याले समजते. बटन नाई, काही नाई, नुसतं बोट. मानसाच्या अंगातलं जे का असते ते याले कळते. जाहिदनं त्या पिनातून एक तांब्याची तार काढली होती, याले बी काढली आहे. काऊन? तं तिथी तळ्यावर कोनी मावशी होती म्हणे. तिले वाचता येत नाई, मोबाईल तिच्याजवळ नाई, पर सकाळी तळ्यावर पहिले तीच जाये. मंग तिले कसं समजन चक्री बराबर फिरली का नाई? म्हून त्यानं केलं — मावशीनं डब्याचं झाकण उघडून तारेले बोट लावलं अन् निळी बत्ती एकसारखी लागून राह्यली तं सगळं बरं. मिचमिच केली तं रातच्याले काही बिघडलं. एका बाईसाठी एवढा खटाटोप! मावशी अशी म्हणते, मावशीनं आंबाडीची भाजी देली, मावशीनं झिंगे देले वाळवलेले. त्या झिंग्याची चटणी खाऊनखाऊन आमच्या घरातले — हो हो, बोला ना, नाई, थांबा, हा चढला पहिले. झाला. लावा बोट. घाबरू नोका, काही —

लागली ना? पहा. आन तुमी बरोबर जागी लावलं, मी तार दाखवाच्या आधीच. हुशार आहात. अन् अशा हसता जशी काही ओळखीचीच बत्ती आहे.

काढा आता बोट. काढा ना. बत्ती पाहूनच पोट भरते का.

तर मी का सांगत होतो — दसरा. बोर्ड लावला त्याच साली. नवमीले तुमच्या इथी हत्यारं पूजतात, माहीत आहे मले. डोंगे, जाळे, वल्हे, गळ. माह्या बाजूचे नथ्थूभाऊ अजून बी माहे पेचकस अन् तारा जोडायची सोल्डरची मशीन घेऊन जातात, त्यांच्या करवतीसंगं पूजा करून आणून देतात. मले आवडते. हत्याराले मान देल्ला पाह्यजे, खाऊ घालते ते. तर नवमी झाली, अन् दसऱ्याच्या सकाळी तळ्यावर पांढरं. सगळी बोटुकली पोट वर करून. ढग होते, वारा नोता अन् चक्री फिरलीच नाई. डोमा आता घरी झोपे ना, मशीनच्या भरोशावर. लोक दसऱ्याले सोनं वाटतात, आमच्या दुकानात सुरेंद्रभाऊ टेम्पो भरून मानसं घेऊन आला अन् हा असा, या काउंटरवर, बोर्डाचा डबा आपटला. बोगस माल! या जागी अजून खड्डा आहे पहा. म्हणे, यांच्याकडून घेतलं तिथीच आमचं चुकलं. 'यांच्याकडून.' मी एवढी वर्षं त्याचा टीव्ही दुरुस्त करतो, तवा मी जाफरभाई होतो. त्या दिवशी 'यांच्या' झालो.

जाहिद डबा घेऊन तिकडं मांगं गेला, पडद्याआड. झाकण उघडलं. मी बी गेलो मांगून. त्यानं पाह्यलं, मी पाह्यलं. झाकण लावलं, बाहेर आला अन् सगळ्यांसमोर म्हणे, माहंच चुकलं, सोल्डर कच्चा राह्यला. बस. खाली मान घालून उभा. त्याच्यावर जे जे बोलले ते मी नाई सांगत तुमाले, तुमी बाईमानूस. नाई चुकलं होतं त्याचं. त्याचा सोल्डर असा असे का भिंग लावून पाहा, एक दाना इकडचा तिकडं नाई. का झालं होतं ते त्याले माहीत, मले माहीत. तिसऱ्याले नाई. त्यानं माह्याकडून वचन घेतलं अन् चाल्ला गेला. पोंभुर्ण्याच्या दोन गिऱ्हाइकांनी कामाले नाई म्हटलं, शाळेच्या घंटीचं काम होतं, त्यांनी बी नाई म्हटलं — मासे मारणारा जाहिद, असं नावच पडलं. कोन राहीन मंग? ईदले आला नाई. फोन करतो तं म्हणते, भाईजान, शिडीवर आहे. सदान्‌कदा शिडीवरच असते.

आता तुमी आल्या, अन् तुमाले तसाच पाह्यजे. तसाच! मले राग याव का हसू याव तेच समजत नाई. घ्या. पेटीत टाकून देतो, रिले बी जोडलेला आहे, तुमचा वायरमन लावून देईन. — हे का काढून राह्यल्या पिशवीतून? पुडी? का आहे? — हळद-कुंकू. अच्छा, नवी वस्तू घरी नेतान... हो हो, बरोबर आहे, लोक नव्या गाडीले बी लावतात, शोरूममधीच. लावा, कुठी — या पेटीवर — अवो नाई! आत नाई! नोका! नोका लावू! हात काढा बाई तो!

माफ करा. ओरडलो. बोट ओलं करून घेतलं ना तुमी हळदीत. ओली हळद याच्या पायांवर — बसा, बसा, उठू नोका. तुमाले नाई बोललो मी. पर एकदा झालं ते झालं, परत नाई पाहवणार मले. ऐका आता. मोठा शहाणा वचन पाळणारा, कोनासाठी पाळू? हा बोर्ड तीन व्होल्टवर जगते, बाई. तीन अन् वर थोडंसं. घड्याळाच्या दोन सेलांवर चालल एवढा नाजूक जीव. दोन पायांच्या मधात ओल आली का याचा करंट भलतीकडं पळते, मंग हा मुका होते. त्या दिवशी आम्ही झाकण उघडलं तं आत हळद होती. दोन्ही बाजूच्या पिनांवर बोटं ओढलेली, पिवळी, ओली. मधात पत्र्यावर कुंकवाचा टिळा. वरून पान्याचा शिपका मारलेला. झेंडूची एक पाकळी बी होती, त्या दोन बटनांच्या मधात अडकली होती. कोनी तरी डोंग्याची पूजा केली, जाळ्याची केली, अन् मंग झाकण उघडून याची बी केली. म्हून चक्री फिरली नाई. म्हून मासे मेले. सोल्डर नाई, माल नाई, 'यांचं' काही नाई.

मी तं तसाच डबा घेऊन बाहेर जाणार होतो. सुरेंद्रभाऊच्या नाकापुढं धरणार होतो. तं या पोट्ट्यानं माहा हात धरला. रडून राह्यला होता, अन् चेहरा कसा — खुश झाल्यासारखा. मले म्हणे, भाईजान, हे मावशीनं केलं. मावशीशिवाय झाकण कोनीच उघडत नाई, तिच्या बोटासाठीच मी झाकणाले कुलूप नाई ठेवलं. तिनं माहा बोर्ड जाळ्याच्या अन् डोंग्याच्या ओळीत बसवला, भाईजान, मले इथी आतापर्यंत एवढा मान कोनी देल्ला? आन आता मी बाहेर जाऊन सांगू, तुमच्या हळदीनं मासे मेले? तिले गावात जगू देतीन का? अन् सांगनार कोन? आपन? आपन सांगाचं का पूजेनं मासे मेले? मंग सोल्डरच्या कच्चेपनावर भागते का ते? मी म्हटलं, अन् तुहं नाव? म्हणे, नावाचं का आहे, सोल्डर परत मारता येते. पोरानं ती हळद ब्रशनं पुसली, स्पिरिट लावून, दानादाना. पाकळी तेवढी नाई फेकली, खिशात ठेवली. एका बाईच्या आंबाडीच्या भाजीसाठी माहा भाऊ देशोधडीले लागला, अन् त्या बाईले पत्ता बी नाई. मजेत असन ती. कवातरी मनात येते, त्या गावात जावं अन् तळ्यावर उभं राहून ओरडावं, कोन ती गोकुळा मावशी, या समोर —

का झालं?

पानी पाह्यजे? ग्लास कलंडला, राहू द्या, मी पुसतो. बाई. तुमी मघापासून काही सांगून राह्यल्या होत्या ना? तीन वेळा तोंड उघडलं तुमी, मीच बोलू नाई देलं.

नाव का तुमचं?

...

गोकुळा.

नाई. पहा — ऐका. ऐका माह्याकडं पहा. आत्ता जे मी बोललो ना, ते तसं नाई. हळदीनं काही होत नाई, बाई. हळद कोनाले मारते का? जखमेले लावतो आपन. ते मी असंच — मोठा भाऊ आहे ना, भावाचं नाव खाली गेलं तं मन नाई मानत, म्हून बनवून सांगत राहतो गिऱ्हाइकाले. रोज वेगळं सांगतो. काल एकाले सांगतलं उंदरानं वायर कुरतडली. सोल्डरच कच्चा होता. जाहिदनं सोता नाई म्हटलं का सगळ्या गावासमोर? मंग? तेच खरं. जवान पोट्टा, हात थरथरला असन. त्याचंच चुकलं.

पुडी काऊन बांधून राह्यल्या? सोडा ती. हे पहा, बोर्ड पेटीत ठेवला, झाकण लावलं, हा एक पेच, हा दुसरा, तिसरा, चौथा. कसून टाकले. आता ब्रह्मदेव आला तरी नाई उघडत. बोटाची तार भोकातून बाहेर काढून देली, ही पहा, इथी लावाचं बोट. आन हळद-कुंकू इथी, झाकणावर, बराबर मधात. बिनधास्त. पान्याचा शिपका मारा, झेंडूचा हार घाला, याले काही नाई होत. लावा ना. लावा बाई. मी सांगून राह्यलो ना लावा म्हून. हात काऊन मांगं घेता?

रडू नोका. गिऱ्हाईक येईन, का म्हणन — जाफरनं म्हाताऱ्या बाईले रडवलं.

का? नंबर? त्याचा? नाई. नाई देत. मागू नोका. तुमी कोनाचा मोबाईल मागून फोन करान, इकडून रडान, तो तिकडं शिडीवर. त्याले समजन का तुमाले समजलं, अन् समजन का माह्या तोंडातून निघालं. मंग त्यानं दुकान सोडलं, माहं घर सोडलं, ते कायच्यासाठी सोडलं? एकच गोष्ट त्याच्याजवळ साबूत राह्यली आहे — मावशीले कळलं नाई, ही — ती बी फोडून टाकू का आपन दोघं मिळून?

पेटी उचला. गाडी लागली असन स्टँडवर, हॉर्न ऐकू आला ना आत्ता. सांभाळून, ती पायरी मोडली आहे. तळ्यावर कोनी इचारलं तं सांगा, कच्चा सोल्डर होता, दुकानदारानं बदलून देल्ला. एवढंच सांगा.

जा, गोकुळाबाई. मांगं नोका पाहू. शटर पाडून राह्यलो मी.